आयएमपीएस व यूपीआयने बिटकॉइन खरेदी (पुणे)

बँक खात्यातून रुपये तत्काळ वर्ग करून बिटकॉइन विकत घेण्याची पद्धत. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी (सर्वांत लहान भाग) होतात, त्यामुळे शे-पाचशे रुपयांचीही खरेदी होते. हिंजवडी-खराडीच्या आयटी नोकरदारांत ती चांगलीच परिचित आहे. आयएमपीएस २०१० मध्ये आणि यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. बिटकॉइनचा बाजार कधीच बंद होत नाही. रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही पैसे पोचवणारी सोय म्हणूनच इथे उपयोगी पडते.

रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. तरी बँकांचा हात आखडताच राहिला, आणि एप्रिल २०२२ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने कोणतेही क्रिप्टो एक्स्चेंज (अशा चलनांच्या खरेदी-विक्रीचा ऑनलाइन मंच) यूपीआय वापरत असल्याची आपल्याला माहिती नाही, असे जाहीर केले. अनेकांनी मग पीटूपी, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीकडून खरेदीची वाट धरली.

यात बहुतेकदा आधी यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या किमतीशी बांधलेले क्रिप्टो चलन, घेतात आणि मग त्याचे बिटकॉइन करतात. सौदा ठरला की एक्स्चेंज विक्रेत्याचा माल, म्हणजे विकायचे चलन, अडकवून ठेवते. खरेदीदार ठरलेल्या मिनिटांत त्याच्या खात्यात रुपये भरतो, १२ अंकी व्यवहार क्रमांक जपून ठेवतो आणि ‘पैसे भरले’ कळवतो. विक्रेत्याने स्क्रीनशॉटवर किंवा एसएमएसवर विसंबायचे नसते; बँकेचे ॲप उघडून जमा रक्कम आणि पाठवणाऱ्याचे नाव ताडायचे, मगच माल सोडायचा. नाव जुळत नसेल, म्हणजे मित्राच्या किंवा भावाच्या खात्यातून पैसे आले असतील, तर सौदा तिथेच थांबवावा.

खरा धोका याच जागी आहे. फसवणुकीचे पैसे म्यूल खात्यांतून, म्हणजे चोरीचा पैसा फिरवायला वापरलेल्या दुसऱ्यांच्या खात्यांतून, फिरत पीटूपी विक्रेत्याकडे येतात. मूळ फसलेल्या व्यक्तीने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की साखळीतली खाती एकामागून एक गोठतात. तक्रार परराज्यातली आणि खाते कोथरूडच्या शाखेतले, असेही होते. मग पगार अडकतो, घराचा हप्ता चुकतो. दोन-चार हजारांच्या संशयावरून सगळे खाते बंद करणे हा सरळ अन्याय आहे. गोठवणूक वादग्रस्त रकमेपुरतीच असावी, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घेतली.

पुण्याला या चलनाच्या नावाने बसलेला मोठा फटका मात्र गेनबिटकॉइनचा. गुंतवलेल्या बिटकॉइनवर दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या या योजनेच्या प्रकरणात अमित भारद्वाज यांना पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. तपासात पोलिसांना मदत करणारे दोन सायबर तज्ज्ञच २०२२ मध्ये अटकेत गेले. स्वतः विकत घेतलेले बिटकॉइन आणि दुसऱ्याच्या हाती सोपवलेले बिटकॉइन यांतला फरक शहराला तेव्हा फार महागात कळला.

नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. तोटा वजा मिळत नाही. जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आली असून त्यांना एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे, नोंदणी करावी लागते. ती आहे का, हे आधी पाहावे.

फसवणूक झाल्यास १९३० वर लगेच कळवावे. हिंजवडी-वाकड पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात, तर कोथरूड-खराडी पुणे शहर आयुक्तालयात.