अपस्मार आणि संगीतोपचार

अपस्माराच्या (फिट, फेफरे, आकडी) रुग्णाने ठरावीक संगीत नियमित ऐकल्यास मेंदूतील अनिर्बंध विद्युत्‌ लहरी शमतात का, याविषयीचे संशोधन आणि त्यावर बेतलेला पूरक उपचार. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य औषधे मिळाली, तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. संगीताकडे संशोधक वळले ते मुख्यतः उरलेल्यांसाठी, म्हणजे दोन-तीन औषधे घेऊनही ज्यांच्या फिट थांबत नाहीत अशांसाठी.

या विषयातील जवळपास सगळी चर्चा एकाच रचनेभोवती फिरते. मोझार्टने १७८१ साली दोन पियानोंसाठी लिहिलेला, ‘के. ४४८’ या क्रमांकाने ओळखला जाणारा तो सोनाटा. १९९३ मध्ये तो ऐकलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आकृत्यांची कोडी थोडा वेळ अधिक चांगली सुटली, असे प्रसिद्ध झाले आणि ‘मोझार्ट ऐका, हुशार व्हा’ अशी बाजारपेठच उभी राहिली. अपस्माराचा धागा तिथूनच निघाला. १९९८ मध्ये अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञ जॉन ह्यूज आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना हा सोनाटा ऐकवत ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) काढले. २९ पैकी २३ जणांच्या आलेखात टोकदार लहरी लक्षणीय कमी झाल्या. त्यांत बेशुद्धावस्थेतले रुग्णही होते. बेशुद्ध माणसाला गाणे आवडले म्हणून फरक पडला, असे म्हणता येत नाही. म्हणूनच हा निष्कर्ष गाजला.

मात्र ईईजीवरची टोके कमी होणे वेगळे आणि फिट कमी होणे वेगळे. दोन फिटांच्या मधल्या काळातही मेंदूत अशी टोके उमटत असतात. ती पाच-दहा मिनिटे शमली, म्हणून पुढच्या आठवड्यातली फिट टळतेच असे नाही. संगीताने ‘अपस्मार बरा होतो’ असे सांगणारे बहुतेक लेख नेमके हेच अंतर गुपचूप ओलांडतात. प्रत्यक्ष फिट मोजणारे प्रयोग थोडे आहेत. टोरांटोतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रुग्णांनी रोज हा सोनाटा ऐकला आणि तुलनेसाठी त्याच सोनाट्याची लय-रचना विस्कटलेली आवृत्तीही ऐकली. मूळ रचनेच्या काळात फिट कमी नोंदल्या गेल्या, पण रुग्ण होते अवघे १३. २०२१ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ येथे मेंदूत इलेक्ट्रोड (विद्युत लहरी टिपणाऱ्या बारीक तारा) बसवलेल्या १६ रुग्णांवर काम झाले. किमान ३० सेकंद सोनाटा ऐकल्यावर टोके घटू लागली, विशेषतः कपाळामागील भागात. रुग्णांच्या स्वतःच्या आवडीच्या गाण्यांनी मात्र तसे झाले नाही. पुढे २०२३ मध्ये व्हिएन्नातील दोन संशोधकांनी सगळे अभ्यास एकत्र करून पडताळले आणि रुग्णसंख्या तोकडी, नोंदी अपुऱ्या, म्हणून या सोनाट्याच्या गुणाला आधार नाही असा निर्वाळा दिला. प्रस्तुत नोंदकर्त्याला तो कडक असला तरी रास्त वाटतो.

नाशिकसारख्या ठिकाणी हा विषय निघाला की गाडी लगेच भजनाकडे आणि रागांकडे वळते. ते साहजिक आहे. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात रामनामाचा आश्रम काढला तो याच गावी. पण अमुक आजारावर अमुक राग अशा ज्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्या म्हणजे पुरावा नव्हे. मन शांत होणे, झोप लागणे हा भजनाचा लाभ खराच, आणि अपुरी झोप फिट ओढवते हे पाहता तो थोडाथोडका नाही. फक्त त्याला मेंदूवरचा थेट उपचार म्हणू नये.

उलट बाजूही आहे. अगदी विरळा रुग्णांना विशिष्ट सूर किंवा गाणे ऐकल्यावरच फिट येते. या संगीतजन्य अपस्माराला ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ मॅकडोनाल्ड क्रिचली यांनी १९३७ मध्ये नाव दिले. गणपतीच्या मिरवणुकीत कुणाला फिट आली की नाशिक ढोलावर खापर फुटते. प्रत्यक्षात जागरण, उपास आणि चुकलेली रात्रीची गोळी हे नेहमीचे गुन्हेगार असतात. काही थोड्यांच्या बाबतीत डीजेच्या गाडीवरचे लुकलुकणारे दिवे. देवीच्या गोंधळात संबळाच्या तालावर अंगात येणे हीसुद्धा फिट नव्हे. अंगात आलेला माणूस बहुधा तालाबरोबर घुमतो, विचारले तर बोलतो. मोठ्या फिटेत शुद्ध हरपते, हातपाय आपल्याच ठेक्याने झटके देतात, कधी जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते आणि नंतर माणूस बराच वेळ गुंगीत राहतो. हा फरक घरच्यांनी डॉक्टरांना नीट सांगितला, किंवा मोबाइलवर चित्रण दाखवले, तर निदान सोपे होते.

संगीत ऐकायचेच असेल तर गोळ्या चालू ठेवून, रोज ठरल्या वेळी, बेताच्या आवाजात ऐकावे आणि फिटांची तारीखवार वही ठेवावी. वहीशिवाय फरक पडला की नाही हे कळायला मार्ग नाही. गोळी एकाएकी बंद केल्यास फिटांची रांग लागून जीव धोक्यात येऊ शकतो. चालू फिटेत गाणे लावण्याचा उपयोग नसतो. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचाही नसतो. नाशिक जिल्ह्यात लासलगाव असल्याने कांद्याला तोटा नाही, एवढेच. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही द्यावे, कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. फिट पाच मिनिटांहून लांबली किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन करावा.