‘रिलीज’चा विसर्ग कसा झाला

ऑगस्ट लागला की सांगलीत ‘रिलीज’ हा शब्द सिनेमापुरता राहत नाही. ‘कोयनेतनं रिलीज किती?’ असे धरणाच्या पाण्याबद्दल विचारले जाते आणि उत्तर क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट असे, येते.

इंग्रजी क्रियापदाचे मूळ लॅटिनमधल्या सैल करण्याच्या अर्थात आहे; फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले आणि ‘रिलॅक्स’ त्याचेच भावंड. कैदी सोडणे, कर्ज सोडणे, हक्क सोडणे, सगळे त्यात बसते. आपल्याकडचे हक्कसोडपत्र म्हणजे कायद्याच्या भाषेत रिलीज डीडच. तिथे घोळ नाही: कोणी सोडला, कोणासाठी, खाली अंगठा कोणाचा, सगळे कागदावर.

घोळ सुरू होतो तो धरणापाशी. साठच्या दशकात कोयना धरण उभे राहिले आणि ‘पाणी सोडणे’ रोजच्या बोलण्यात आले. पुढे सरकारी पत्रकांत त्याची जागा ‘विसर्ग’ने घेतली. शब्द तसा चोख आहे. सृज् धातूतच सोडण्याचा अर्थ आहे, गणपतीचे विसर्जनही त्याच घरचे. पण एकाच शब्दावर दोन इंग्रजी शब्दांचा भार पडला. रिलीज म्हणजे कोणीतरी अडवलेले सोडणे. डिस्चार्ज म्हणजे एखाद्या ठिकाणाहून सेकंदाला किती पाणी जाते, ते मोजमाप. धरणातूनही विसर्ग आणि सांगलीच्या खाली कृष्णेवर असलेल्या राजापूर बंधाऱ्यावरूनही विसर्ग! धरणाचे सहा वक्र दरवाजे कोणीतरी ठरवून उचलतो. बंधाऱ्यावर उचलणारा कोणी नसतो. पत्रक वाचणाऱ्याला मात्र दोन्ही आकडे एकाच जातीचे वाटतात.

हा भेद पांडित्याचा नाही. 11,574 क्युसेकचा प्रवाह चोवीस तास चालला की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी होते. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 45 फुटांची धोका पातळी केव्हाच मागे टाकली आणि पाणी 57 फुटांच्या वर गेले. वाद पेटला तो क्रियापदावरच: पाणी सोडले, की आले? पाऊसच तेवढा झाला, असे एक म्हणणे. आधी धरून ठेवले, मग एकदम सोडले, हे दुसरे. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची फूग हे तिसरे. 2021 मध्ये तेच पुन्हा. पत्रकात दोन्ही वेळा ‘विसर्ग वाढविण्यात येत आहे’. वाक्यात कर्ता नाही.

गंमत म्हणजे उन्हाळ्यात हाच कर्ता पुढे येतो. ताकारी-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे आवर्तन सुटते तेव्हा पाणी ‘सोडले’ जाते. बटण दाबतानाचा फोटो असतो, नारळ असतो, हार असतात. पावसाळ्यात तेच पाणी आपोआप ‘विसर्ग’ होते.

नदीकाठच्या गल्ल्यांत हा शब्द अजून रुळलेला नाही. सामान माळ्यावर चढवता चढवता कोयना धरणाजवळच्या, पाटणकडच्या पाहुण्यांना फोन लागतो आणि विचारतात ते एवढेच: ‘पायथ्याच्या वीजघरातलंच हाय, का दरवाजं उचललं?’