शेड शिनोळीत, ऑफिस उद्यमबागेत: पगारपत्रक कुठल्या राज्याचं?

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने बाची गाव ओलांडलं की महाराष्ट्रातलं शिनोळी. जिल्हा बदलतो, राज्य बदलतं आणि त्याबरोबर पगारपत्रकही बदलतं. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप असलेला माणूस शिनोळीत, म्हणजे चंदगड तालुक्यात, दुसरं शेड टाकतो आणि विचारतो, "माणसं सगळी बेळगावचीच, मग कर्नाटकातली नोंदणी चालेल ना?" नाही चालत. कामगार राहतो कुठे हे बघायचं नाही, तो काम कुठे करतो ते बघायचं.

सगळ्यात जास्त गोंधळ व्यवसाय कराचा. कर्नाटकात महिना २५,००० रुपयांच्या आत पगार असेल तर हा कर शून्य. महाराष्ट्रात पुरुष कामगाराला १०,००० च्या वर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. महिलांना मात्र २५,००० पर्यंत माफी. उद्यमबागेत १८,००० घेणारा फिटर शिनोळीला हलवला की पहिल्या महिन्यापासून त्याचे २०० कापावे लागतात. शेजारच्या टेबलावर तेवढ्याच पगारावर पॅकिंग करणाऱ्या बाईंचे कापायचे नाहीत. हे कामगाराला आधीच सांगा. पगाराच्या दिवशी पाकीट हलकं लागलं की समजूत काढणं अवघड जातं.

व्यवसाय कराच्या नोंदणीसाठी महाराष्ट्राच्या जीएसटी विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. प्रमाणपत्रं दोन, आणि लोक नेमकं एकच काढतात. कामगारांचा कर कापून भरण्यासाठी पीटीआरसी, मालकाच्या स्वतःच्या करासाठी पीटीईसी. पीटीईसीचे वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे. कर कापण्याची जबाबदारी सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पीटीआरसीचा अर्ज जायला हवा. पॅन, आधार, फोटो, रद्द केलेला धनादेश, भागीदारी असेल तर करारपत्र, आणि शिनोळीच्या जागेचा पुरावा: भाडेकरार किंवा वीजबिल. अर्ज अडतो तो बहुधा इथेच. बिल जागामालकाच्या नावावर आणि भाडेकरार तोंडी, असं असेल तर आधी करार कागदावर आणा. पहिल्या वर्षी विवरणपत्र दर महिन्याला भरायचं; पुढे वर्षाचा कर एक लाखाच्या आत राहिला तर वर्षातून एकदा.

पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) केंद्राचे, त्यांना सीमावाद नाही. पण इथे एक पळवाट लोक स्वतःच कल्पून घेतात. उद्यमबागेत १४ माणसं, शिनोळीत ७. दोन्हीकडे २० पेक्षा कमी, म्हणून पीएफ नाही? एकाच आस्थापनेच्या शाखा एकत्र मोजतात. २१ झाले, पीएफ लागू. कामगार आणि मालक दोघांचे प्रत्येकी १२ टक्के, आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा. कामगार इकडून तिकडे गेला तरी त्याचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खातेक्रमांक, तोच राहतो. नवा काढून देऊ नका, नंतर दोन खाती जोडताना त्याचेच हेलपाटे होतात.

ईएसआयला पगाराची मर्यादा २१,००० रुपयांची. १८,००० वर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये. दुसऱ्या राज्यातल्या शाखेसाठी उपसंकेतांक (सब-कोड) घ्यायचा. कामगाराचा विमा क्रमांक बदलत नाही.

किमान वेतनाचं कोष्टक अर्थातच महाराष्ट्राचं लावायचं. तिकडचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, कर्नाटकातला महागाई भत्ता १ एप्रिलला. कामगार कल्याण निधीही तसाच: कर्नाटकात वर्षातून एकदा, महाराष्ट्रात जून आणि डिसेंबर असा दोनदा. शिनोळीतून माल विकणार असाल तर तिथली जीएसटी नोंदणीही वेगळी.

हजेरीपत्रक दोन ठेवा. एखादा वेल्डर आठवड्यातले दोन दिवस तिकडे जात असेल, तर तो कुठल्या शेडचा हे नेमणूकपत्रात लिहून टाका. तपासणीला आलेला माणूस आधी तेच मागतो.