दोन घरं, एक डोंगर आणि दहा पदकं

हिवाळी ऑलिम्पिक आलं की आजवरच्या दरडोई पदकांचा तक्ता फिरायला लागतो आणि त्यात लिश्टेनश्टाइन कायम सगळ्यात वर. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधे चेपलेला देश, क्षेत्रफळ १६० चौरस किमी, म्हणजे मुंबईचा साधारण चौथा हिस्सा, लोकसंख्या जेमतेम ४० हजार. २०२२ पर्यंतची पदकं १०, सगळी अल्पाइन स्कीइंगमधली, म्हणजे बर्फाच्या डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याच्या शर्यतींमधली. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये मात्र भोपळा.

म्हणजे ४ हजार माणसांमागे एक पदक. हाच हिशोब भारताला लावून बघा, १४० कोटी भागिले ४ हजार, साडेतीन लाख पदकं! २०२२ च्या बीजिंग हिवाळी स्पर्धेत एकूण इव्हेंटच १०९ होते, म्हणजे पदकं सव्वातीनशेच्या आसपास. ती सगळीच्या सगळी दर वेळी आपणच उचलली तरी साडेतीन लाख व्हायला चार हजारांहून जास्त वर्षं लागतील. त्यात अल्पाइन स्कीइंगमध्ये एका इव्हेंटला एका देशाचे जास्तीत जास्त चारच खेळाडू. थोडक्यात काय, हा तक्ता मोठ्या देशाला जिंकताच येणार नाही असा बनलेला आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की शंभर टक्केवाल्या शाळांची यादी येते ना, त्यात बारकाईने बघितलं तर बारा-पंधरा मुलांच्या छोट्या शाळा भरपूर असतात, आणि शून्य टक्केवाल्या यादीत पण छोट्याच शाळा! आकडा लहान असला की दोन मुलं इकडची तिकडे झाली तरी टक्का उड्या मारतो, हजार मुलांच्या शाळेत तसं होत नाही. पदकांच्या तक्त्यात पण हेच. अँडोरा हा पिरेनीज पर्वतातला ८० हजारांचा देश, स्कीइंगवर तर तिथलं टुरिझम चालतं, २०२२ पर्यंत हिवाळी पदकं शून्य. आइसलँड, पावणेचार लाख लोक, नावातच बर्फ, तरी शून्य. वर पण लहान देश आणि तळाला पण लहान देश.

आता ती १० पदकं आली कुठून बघू. हानी वेंझेल, १९७६ ला इन्सब्रुकमध्ये एक कांस्य आणि १९८० ला लेक प्लॅसिडमध्ये दोन सुवर्ण, एक रौप्य. तिचा भाऊ आंद्रेआस, एक रौप्य एक कांस्य. तिची मुलगी टीना वायराथर, २०१८ ला कांस्य. एका घरात सात झाली! विली आणि पॉल फ्रोमेल्ट या भावांची दोन, मग उरलं एक, ते १९८४ चं उर्सुला कोन्झेटचं. म्हणजे दहापैकी नऊ पदकं दोन घरांची, आणि त्यातलं एक घर तर बाहेरून येऊन राहिलेलं, हानीचा जन्मच जर्मनीतला. वेंझेल कुटुंब शेजारच्या खोऱ्यात राहिलं असतं तर हा तक्ता काय दिसला असता?

अर्थात नुसतं नशीब म्हणणं पण अन्याय होईल. राजधानी फाडुझ साडेचारशे मीटर उंचीवर आणि मालबुनचे स्की उतार १६०० मीटरवर, गाडीने अर्ध्या तासात बर्फ. स्कीइंगमध्ये तोल आणि वळण घेण्याचा अंदाज शरीरात मुरावा लागतो, त्याला लहानपणापासून हजारो फेऱ्या माराव्या लागतात, आणि घरात आई किंवा मामा चॅम्पियन असेल तर बोलायलाच नको (टीनाचे वडील हार्टी पण डाउनहिलचे, म्हणजे स्कीइंगच्या सगळ्यात वेगवान शर्यतीचे वर्ल्ड चॅम्पियन, ऑस्ट्रियाकडून!). देशाला स्वतःची मोठी टीम परवडत नाही म्हणून टीना सराव करायची स्विस मुलींबरोबर. लहान देशाला असा शेजार मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, तक्त्यात ती दिसत नाही.

आणि दहाच्या आकड्याची दुसरी बाजू, १९८८ नंतर तब्बल ३० वर्षं एकही पदक नाही. लोकसंख्या उलट वाढलेली, डोंगर तोच. नॉर्वेचं बघा, ५४ लाख लोक आणि ४०० च्या वर हिवाळी पदकं, दरडोई हिशोबात लिश्टेनश्टाइनच्या मागे, पण तिथे पदकांचा ओघ सुरूच असतो. माझं मत विचाराल तर खरा चमत्कार तिथला आहे.

ती ३० वर्षं संपली कशी ते ऐका. २०१० आणि २०१४ ची ऑलिम्पिक टीनाची दुखापतींमुळे हुकली होती. २०१८ ला प्याँगचँगमध्ये सुपर-जी (डाउनहिलसारखीच वेगाची, पण जास्त वळणांची शर्यत), टीनाची वेळ १ मिनिट २१.२२ सेकंद आणि चौथ्या आलेल्या लारा गुटची १ मिनिट २१.२३. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. वेग ताशी ९० किमी धरला तर सेकंदाला २५ मीटर, म्हणजे शंभराव्या भागात २५ सेंटीमीटर, एक वीत. वीतभराहून जरा जास्त मागे राहिली असती तर १० ची ९ झाली असती आणि तेव्हा तो तीस वर्षांचा दुष्काळ तसाच पुढे चालू राहिला असता. आणि जिला वीतभर मागे टाकलं ती लारा पण स्वित्झर्लंडचीच, जिथल्या मुलींबरोबर टीना रोज सराव करायची.