पाणबुडी, घरगुती बांधणीची

पाणबुडी, घरगुती बांधणीची : नौदल किंवा मोठी गोदी यांच्या आधाराशिवाय एखाद्या व्यक्तीने अथवा लहान गटाने स्वतःच्या खर्चाने व हाताशी असलेल्या कारागिरीने बांधलेले, पाण्याखाली चालणारे यान. आज हा हौशी मंडळींचा उद्योग मानला जात असला, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा पाणबुडीचा बहुतेक इतिहास याच सदरात मोडतो. तोफखान्यातील शिपाई, शाळामास्तर, पाद्री, सुतार आणि घड्याळजी यांनी ती घडवली. आरमारे बऱ्याच उशिरा पुढे आली.

उगम : काचेच्या पिंपात बसून समुद्रात उतरलेल्या अलेक्झांडरची कथा मध्ययुगीन असून इतिहास म्हणून तिला किंमत नाही. तत्त्वाची पहिली स्पष्ट मांडणी विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने १५७८ मध्ये केली. वजन कायम ठेवून आकारमान कमी-जास्त करता आले, तर वस्तू हवी तेव्हा बुडेल व हवी तेव्हा तरंगेल, हे त्याने ओळखले. त्याने सुचवलेल्या बोटीच्या बाजू चामड्याच्या होत्या. मळसूत्र फिरवून त्या आत-बाहेर करायच्या आणि पोकळ डोलकाठीतून हवा घ्यायची, अशी योजना होती. त्याने ती बांधली नाही.

प्रत्यक्ष बांधणीचा मान सामान्यतः इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या पदरी असलेल्या कोर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराला दिला जातो. त्याने सुमारे १६२० ते १६२४ या काळात टेम्स नदीत चामड्याने मढवलेली, वल्ह्यांची लाकडी बोट चालवली, इतके बहुतेकांना मान्य आहे. वाद आहे तो ती कितपत बुडत असे याबद्दल. ती चार-पाच मीटर खोल जाई व तासन् तास खाली राही, खुद्द राजा तीत बसला होता, अशी वर्णने नंतरच्या लेखनात वाढत गेलेली दिसतात. राजाच्या सफरीला समकालीन आधार नाही.

हवेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६० मध्ये, म्हणजे ड्रेबेलच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन दशकांनी, ऐकीव माहितीवरून लिहिले की ड्रेबेलजवळ एक रासायनिक द्रव होता आणि त्याची कुपी उघडली की कोंदटलेली हवा पुन्हा श्वसनयोग्य होई. सोरा तापवला की ‘हवा’ निघते हे ड्रेबेलला ठाऊक होते. त्यावरून त्याने ऑक्सिजन तयार केला असावा, असा तर्क काही अभ्यासक करतात. मात्र सोऱ्यातून ऑक्सिजन निघायला कित्येकशे अंश तापमान लागते. दाटीने बसलेल्या वल्हेकऱ्यांच्या मध्ये भट्टी पेटवणे संभवत नाही; पेटवलीच असती तर तिनेच आधी हवा खाल्ली असती. आधी काठावर भरून आणलेल्या वायूचा पर्याय उरतो, पण बॉइल द्रव म्हणतो, वायू नव्हे. बोट पाण्याच्या पातळीला जेमतेम झाकून राही, उतरत्या नाळेमुळे (बोटीच्या पुढच्या टोकामुळे) वल्ही मारताच पुढचा भाग खाली दबे आणि वल्ही थांबली की ती वर येई, हा अर्थ उपलब्ध वर्णनांशी जास्त जुळतो. तसे असेल तर ड्रेबेलची बोट पूर्ण अर्थाने पाणबुडी ठरत नाही.

टर्टल : एका माणसाने चालवण्याची ही ओकची बोट येल महाविद्यालयातील विद्यार्थी डेव्हिड बुशनेल याने १७७५ मध्ये कनेक्टिकटमध्ये बांधली. कासवाच्या दोन कवच्या एकमेकींवर उभ्या जोडाव्यात तसा तिचा आकार असून उंची सुमारे १.८ मी. होती. पितळी भागांपैकी काही न्यू हेवनच्या आयझॅक डूलिटल या घड्याळजीने घडवले.

बुडताना चालक पायाने झडप दाबून तळात पाणी घेई. वर येताना दोन हातपंपांनी ते उपसून टाकी. तळाशी शिशाचे नीरम (बोट उभी ठेवणारे वजन) असे आणि त्यातील सुमारे ९० किग्रॅ. दोराने १२ ते १५ मी. खाली सोडता येई. त्यामुळे तेच नांगराचे व संकटात बोट हलकी करण्याचे काम करी. एक पंखा पुढे जाण्यासाठी व दुसरा वर-खाली होण्यासाठी, असे दोन्ही पंखे हाताने फिरवावे लागत. खोली दाखवणाऱ्या काचेच्या नळीतील बुचावर आणि होकायंत्रावर कुजक्या लाकडातील चमकणारी बुरशी लावलेली असे, कारण मेणबत्तीने हवा संपली असती. थंडी पडली की ही बुरशी मंदावते, ही अडचण प्रत्यक्षात आली. एकदा झाकण बंद केले की हवा सुमारे अर्धा तास पुरे.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ६ सप्टेंबर १७७६ च्या रात्री अमेरिकन सैन्यातील सार्जंट एझ्रा ली टर्टल घेऊन न्यूयॉर्क बंदरातील ईगल या ब्रिटिश युद्धनौकेखाली शिरला. तिच्या तळात मळसूत्र घुसवून त्याला सुमारे ६८ किग्रॅ. बंदुकीच्या दारूचे पिंप अडकवायचे होते. मळसूत्र घुसले नाही. तळावरील तांब्याचा पत्रा आड आला, हे लोकप्रिय कारण फारसे टिकत नाही, कारण पातळ तांबे अशा मळसूत्राला अडवीलच असे नाही. स्वतः बुशनेलने १७८७ मध्ये थॉमस जेफरसनला लिहिताना सुकाणूजवळच्या लोखंडी पट्टीचा संशय व्यक्त केला. ब्रिटिश नोंदींत या हल्ल्याचा उल्लेख नसल्याने काही अभ्यासक संपूर्ण प्रसंगच संशयास्पद मानतात. पण येथे साधे यंत्रशास्त्रही विसरून चालत नाही. पाण्यात जवळजवळ वजनहीन तरंगणाऱ्या बोटीतून वरच्या लाकडात मळसूत्र रेटले, की लाकूड भेदण्याआधी बोटच खाली जाते. तिला टेकायला काही नसते. त्यात भरती-ओहोटीची ओढ आणि हात चालवून दमलेला, कोंदट हवेत श्वास घेणारा चालक. या तिन्हींचा मेळ पुरेसा वाटतो.

अपघात व त्यांची कारणे : जॉन डे हा इंग्रज सुतार २० जून १७७४ रोजी प्लिमथजवळ पैजेवर २२ वाव (सु. ४० मी.) पाण्यात उतरला. जुन्या गलबतात बसवलेल्या लाकडी कोठडीत तो होता आणि बाहेर टांगलेले दगड सोडून तो वर येणार होता. तो आला नाही. त्या खोलीवर दर चौ.मी.ला सुमारे ४० टन भार पडतो. सपाट फळ्यांची कोठडी तो सोसत नाही.

विल्हेल्म बाउअर या बव्हेरियन तोफखान्यातील शिपायाची ‘ब्रँडटाउखर’ १ फेब्रुवारी १८५१ रोजी कील बंदरात बुडाली. पैसे वाचवण्यासाठी पत्रे पातळ केले होते आणि पाण्याच्या बंद टाक्या गाळून नीरमाचे पाणी तळातच मोकळे ठेवले होते. बोट मागे कलताच हे पाणी मागे धावले, कल आणखी वाढला आणि पत्रा आत चेपला. बाहेरच्या दाबामुळे झाकण उघडेना. बाउअरने दोघा साथीदारांची समजूत घालून आत पाणी येऊ दिले. आतील हवा दबून बाहेरच्या दाबाइतकी झाली, तेव्हा झाकण उघडले आणि तिघेही जिवंत वर आले. या पद्धतीने सुटकेचे हे सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक उदाहरण होय.

अमेरिकन यादवी युद्धातील हन्ली ही बोट तीनदा बुडून एकूण २१ जण गेले. तिच्या टाक्या वरून उघड्या असल्याने झडप वेळेवर बंद न झाल्यास पाणी टाकीवरून थेट माणसांत येई. १५ ऑक्टोबर १८६३ च्या दुर्घटनेचे कारण हेच समजले जाते. तीत बोटीचा पुरस्कर्ता होरेस हन्ली स्वतः मरण पावला. १७ फेब्रुवारी १८६४ रोजी हिने हूसाटॉनिक ही युद्धनौका बुडवली व ती स्वतःही परतली नाही. ती जुन्या बॉयलरपासून केली होती ही समजूत २००० साली बोट वर काढल्यावर चुकीची ठरली.

बांधणीची तत्त्वे : १ मी. व्यासाचे व २ मी. लांबीचे नळकांडे १.५७ घ.मी. पाणी बाजूला सारते. म्हणून माणसासकट त्याचे वजन गोड्या पाण्यात सुमारे १,५७० किग्रॅ. आणि समुद्रात सुमारे १,६१० किग्रॅ. भरले पाहिजे. तळ्यात जुळवलेली बोट खाडीत नेली तर ४० किग्रॅ. शिसे कमी पडते. नवखे लोक पत्र्याच्या वजनाला घाबरतात; प्रत्यक्षात बहुधा वजन कमी पडते. दोनशे लिटरचे रिकामे पिंप बुडवायलाही दोनशे किलो लागतातच.

गुरुत्वमध्य उत्प्लावन केंद्राच्या (पाण्याचा वर लोटणारा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) खाली हवा. पृष्ठभाग सोडताना स्थैर्य सर्वांत कमी असते, म्हणून पहिली चाचणी दोराला बांधून व माणसाऐवजी तितक्या वजनाची पोती ठेवून घेतात. खोलीबरोबर कवच किंचित दबते, उत्प्लावकता (वर लोटणारा जोर) घटते आणि बोट आपोआप आणखी बुडू लागते. म्हणून बोट हलकी करण्यासाठी सुटे वजन टाकण्याची कळ वीज गेली तरी हाताने चालली पाहिजे. ती आतूनच चालावी, कारण ६० सेंमी. व्यासाच्या झाकणावर ३ मी. खोलीवरदेखील सुमारे ८५० किग्रॅ. भार असतो व ते उघडून बाहेर पडता येत नाही.

आतला दाब सोसणारी गॅसची टाकी बाहेरचा दाब सोसेलच असे नाही. बाहेरून दाबलेले नळकांडे फाटत नाही, ते चेपते, आणि गोलाईत थोडा जरी पोचा असला तरी फार आधी चेपते. म्हणून ठराविक अंतरावर कडी वेल्ड करतात. खिडकीचा ॲक्रिलिक तुकडा शंकूच्या आकाराचा, रुंद बाजू बाहेर ठेवून बसवतात. दाबाने तो बैठकीत अधिक घट्ट बसतो. ही रीत खोल समुद्रात उतरणारी याने बांधणाऱ्या ऑग्यूस्त पिकार या स्विस शास्त्रज्ञाने रूढ केली. असा तुकडा स्पिरिट किंवा ॲसिटोनने पुसल्यास त्यात बारीक चिरा पडतात.

बंद जागेत ऑक्सिजन संपण्याआधी कार्बन डाय-ऑक्साइड घात करतो. स्वस्थ बसलेला माणूस तासाला १५ ते २० लिटर सोडतो, १ घ.मी. मोकळ्या हवेत दीड-दोन तासांत प्रमाण ३ टक्क्यांवर जाऊन डोके दुखू लागते व धाप लागते. सोडा लाइममधून (कार्बन डाय-ऑक्साइड शोषणाऱ्या चुन्याच्या मिश्रणातून) पंख्याने हवा खेळवणे हा रूढ उपाय आहे. शिसे-आम्ल बॅटरीत समुद्राचे पाणी शिरल्यास क्लोरीन वायू निघतो.

कवच दाबापासून वाचवण्याचा दुसरा मार्ग सायमन लेकने १८९४ मध्ये न्यू जर्सीत दाखवला. त्याच्या ‘अर्गोनॉट ज्युनियर’ला पाइन फळ्यांचे दोन थर व मध्ये कॅनव्हास होते, ती तळावर चाकांनी चाले आणि दाबहवेची टाकी सोडावॉटरच्या यंत्राची होती. आतील हवेचा दाब बाहेरइतका केला की तळाचे दार उघडले तरी पाणी आत येत नसे. अशा यानात पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसाचे सर्व धोके लागू होतात : वर येताना श्वास रोखल्यास फुप्फुस फाटते.

आधुनिक काळ : अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेल्या जॉर्ज किट्रेजचा ‘के-२५०’ हा एकासनी आराखडा (२५० फूट खोलीसाठी) हौशी मंडळींत बराच प्रचलित आहे. पूर्व जर्मनीतील बेर्न्ट ब्योटगर याने १९६८ मध्ये सायकलच्या साहाय्यक इंजिनावर चालणारे, माणसाला पाण्यातून ओढत नेणारे यंत्र बनवून बाल्टिक समुद्रातून पलायन केले. हे यान बंद कवचाचे नव्हते. भारतात पाणबुडीबांधणी माझगाव गोदीत सुरू झाली (शल्की, १९९२ मध्ये नौदलात दाखल), पण तो या नोंदीचा विषय नव्हे.

अवशेष : ब्रँडटाउखर ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात व हन्ली नॉर्थ चार्ल्स्टन येथे आहे. जॉन हॉलंडने १८८१ मध्ये पाण्यात उतरवलेली ‘फेनियन रॅम’ ही पाणबुडी पॅटरसन (न्यू जर्सी) येथे आहे. टर्टलची मूळ बोट नष्ट झाली. कनेक्टिकटमध्ये दिसतात त्या प्रतिकृती.