धूम्रपानमुक्ती व निकोटीनची तलफ (गोव्याच्या संदर्भात)

विडी, सिगारेट, चिरूट यांची सवय कायमची सोडणे म्हणजे धूम्रपानमुक्ती. सवय सोडल्यावर शरीर निकोटीनवाचून राहायला शिकते, आणि तो काही आठवड्यांचा अवघड काळही या संज्ञेत येतो. तंबाखू भारतात आणली ती पोर्तुगीजांनी. गोव्यातील खेड्यांत धुमटी हा धूम्रपानाचा जुना घरगुती प्रकार होता. तंबाखूचे पान फणसाच्या पानात शंकूसारखे गुंडाळून ती वळत आणि काही स्त्रिया तिचे पेटते टोक तोंडात धरून ओढत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशात २८.६ टक्के प्रौढ या ना त्या रूपात तंबाखू वापरत होते, तर गोव्यात हे प्रमाण ९.७ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी होते. तरीही सोडू पाहणाऱ्या माणसाला या आकड्याचा फारसा आधार मिळत नाही, कारण रोज संध्याकाळी तो ज्या चौघांत बसतो ते चौघेही ओढणारे असू शकतात.

ओढलेल्या धुरातील निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि तिथल्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना (रिसेप्टर) चिकटून डोपामीन हे सुखद संवेदना देणारे द्रव्य स्रवायला लावते. रोजच्या माऱ्याने या ग्राहकांची संख्या वाढते. रक्तातील निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, वाढलेले ग्राहक रिकामे राहतात आणि माणसाला पुन्हा ओढावेसे वाटते. यालाच आपण तलफ म्हणतो. सिगारेटने ताण हलका होतो असा अनुभव बहुतेक जण सांगतात आणि तो खोटा नसतो. मात्र त्या ताणाचा मोठा भाग आधीच्या सिगारेटचा अंमल उतरल्यामुळेच आलेला असतो. म्हणून सिगारेट न सुटणाऱ्या माणसाला मनाचा कच्चा ठरवणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही.

शेवटची सिगारेट विझवल्यावर चार ते चोवीस तासांत लक्षणे सुरू होतात. चिडचिड, अस्वस्थता, उदासपणा, कामात चित्त न लागणे, झोपमोड आणि वाढलेली भूक ही त्यांतील नेहमीची आहेत. काहींना बद्धकोष्ठ होतो, काहींचे तोंड येते. खोकला काही दिवस वाढलाच तर घाबरू नये, कारण श्वासनलिकेतील सूक्ष्म केस पुन्हा हलू लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत कठीण जातो. त्यानंतर लक्षणे उतरणीला लागतात आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतात. या काळात घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एरवी शांत असणारा माणूस ताटातील मिठावरून तडकला, तर ते बोलणे मनाला लावून घेऊ नये.

तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ काढण्यासाठी घोट घोट पाणी पिणे, बडीशेप चघळणे, दीर्घ श्वास घेणे, जागेवरून उठून चालू लागणे असे साधे उपाय खरोखर उपयोगी पडतात. अधिक अवघड असतात त्या सवयीने जुळलेल्या जागा आणि वेळा. गाड्यावर चहाचा ग्लास हातात आला की दुसरा हात आपोआप खिशाकडे जातो, शिवाय तिथेच सुटी सिगारेट मिळते आणि दोरीला बांधलेला लायटर लोंबत असतो. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या बोंडांपासून काढलेल्या हंगामी दारूच्या, दिवसांत मित्रांबरोबर बसणे तर त्याहून धोक्याचे. मद्याने संयम सैल पडतो, म्हणून पहिले काही आठवडे अशा बैठका टाळलेल्या बऱ्या. चहा-कॉफीही कमी करावी. यामागचे कारण फारसे माहीत नसते: धुरातील द्रव्यांमुळे यकृत कॅफीन लवकर निकालात काढते, आणि धूर थांबला की तेवढ्याच कॉफीचे कॅफीन रक्तात जास्त साचते. मग येणारी धडधड आणि अनिद्रा निकोटीनच्या खात्यावर मांडली जाते. काही मानसिक आजारांच्या औषधांबाबतही असेच घडते. क्लोझापीन किंवा ओलान्झापीन घेणाऱ्याने सिगारेट सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

कोणत्याही मदतीविना सोडणाऱ्यांपैकी शंभरात तीन ते पाच जणच वर्षभर टिकतात, आणि समुपदेशन व औषध यांची जोड मिळाली की ही शक्यता स्पष्टपणे वाढते. निकोटीनचा च्युइंगगम, त्वचेवर लावायची पट्टी, ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लीन ही मान्य औषधे आहेत. त्यांतील शेवटची दोन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. गम मात्र बहुतेक जण चुकीचा वापरतात. साध्या च्युइंगगमसारखा तो सतत चघळला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, मळमळते आणि तलफ तशीच राहते. तो सावकाश चावून जिभेवर चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की पुन्हा चावायचा, असे अर्धा तास करायचे. आंबट पेयांमुळे तोंडात निकोटीन नीट शोषले जात नाही. तेव्हा जेवताना सोलकढी किंवा नंतर लिंबूसोडा घेतल्यास गमसाठी पंधरा मिनिटे थांबावे.

गोव्यात श्रावण पाळणारी हिंदू घरे आणि कोरेज्माचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या व्रतकाळाचे, उपवास धरणारी ख्रिस्ती घरे दोन्ही आहेत, आणि अशा व्रताच्या काळात सिगारेटही बंद ठेवणारी माणसे भेटतात. व्रताच्या मुदतीत शरीराने सर्वांत कठीण टप्पा ओलांडलेला असतो. चतुर्थीला किंवा ईस्टरला पहिली सिगारेट पेटवणे म्हणून फार महागात पडते. मात्र घसरून एखादी ओढली गेलीच, तर सारे संपले असे मानू नये. उरलेले पाकीट टाकून त्याच दिवसापासून पुढे चालावे. कायमची सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याआधी अनेकदा प्रयत्न केलेले असतात.

सार्वजनिक धूम्रपानावर गोव्याने १९९७ मध्येच कायदा केला. त्यामागे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांच्या तंबाखूविरोधी कार्याचा मोठा वाटा होता. देशभर सार्वजनिक ठिकाणची बंदी २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाली आणि २०१९ मध्ये ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनाशुल्क समुपदेशन मिळते.