रोव्ह बीटलची नवी जाती: ‘टाइप’ या एका शब्दामागचा घोळ

आधी शब्दांचा निकाल लावू. ‘नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी येते तेव्हा सापडलेली असते ती बहुतेक वेळा जाती. शाळेच्या पुस्तकातली उतरंड कुल, मग प्रजाती, मग जाती अशी आहे. पण ‘जाती’ लिहिताना मराठी माणसाचा हात अडखळतो, त्याचं कारण जीवशास्त्राबाहेरचं आहे. म्हणून की काय, वर्तमानपत्रांनी एक पायरी वरचा शब्द उचलला. इथे पुस्तकातलेच शब्द ठेवले आहेत.

रोव्ह बीटलला मात्र सगळ्यांना चालेल असं मराठी नाव नाही. बघितलेला सगळ्यांनी असतो. लांबट, चपळ भुंगेरा. पुढचे टणक पंख आखूड, बंडी घातल्यासारखे, आणि मागचं पोट उघडं. डिवचला की विंचवासारखं पोटाचं टोक वर करतो. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली येणारा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मानेवर चिरडला गेला की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा लाल ओरखडा उठवणारा तो पेडेरस याच कुलातला. त्या ओरखड्याला लोक नागीण समजून बसतात. या कुलात आजवर ६५,०००च्या आसपास जातींची नावं लागली आहेत. प्राण्यांमध्ये एवढं मोठं दुसरं कुल नाही, असंच सध्या मानलं जातं.

नवी जाती जंगलात सापडते हा समज अर्धाच खरा आहे. जंगलात सापडतो तो किडा. तो नवा आहे हे ठरतं कपाटातल्या जुन्या किड्याशेजारी ठेवून पाहिल्यावर. भारतीय रोव्ह बीटलच्या बाबतीत ही कपाटं मुख्यतः लंडन, शिकागो, मॉस्को आणि बर्लिनजवळच्या म्युंखेबर्गला आहेत. ती तिथे कशी गेली आणि त्यांतल्या टाचण्यांवर नेमकं काय लिहिलंय, हीच या विषयाची पार्श्वभूमी.

सुरुवात नेहमीचीच, १७५८ आणि लिनियस. त्याने या किड्यांना स्टॅफिलायनस नावाच्या प्रजातीत बसवलं. पुढच्या शंभर वर्षांतलं काम मुख्यतः जर्मनांचं: १८०२ आणि १८०६ साली दोन ग्रंथ, मग १८३९-४० मध्ये बर्लिनहून जगभरच्या जातींचा एक जाडजूड ग्रंथ, अर्थात लॅटिनमध्ये. भारताची ठळक दखल १८५८-५९च्या सुमाराला घेतली गेली. एका रशियन लष्करी अधिकाऱ्याने इथल्या जातींची वर्णनं थोडक्या ओळींत उरकली, आणि पाठोपाठ एका जर्मन अभ्यासकाने ‘ईस्ट इंडिया, विशेषतः सिलोन’ असा विषय घेऊन नीट ग्रंथ लिहिला. असल्या त्रोटक ओळींनी नंतरच्या लोकांना किती छळलं, ते पुढे येईलच.

खरा पाया पडला १९३० ते १९३९ या काळात. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या सरकारी ग्रंथमालेत रोव्ह बीटलचे खंड निघाले: पहिला १९३० साली, दुसरा १९३१, तिसरा १९३२ आणि चौथा १९३९ मध्ये दोन भागांत. लिहिणारा एकच माणूस, पेशाने ब्रिटिश नौदलातला डॉक्टर. काही वर्षं तो डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत होता. मसुरी, चकराता, डूनचं खोरं या भागांत त्याने स्वतः पालापाचोळा चाळला. बाकीचे किडे चहा-कॉफीच्या मळेवाल्यांनी, वनाधिकाऱ्यांनी आणि हौशी साहेबांनी पाठवलेले. त्याच वेळी ऑस्ट्रियात एक नोटरी दस्तऐवजांवर शिक्के मारून झाले की रोव्ह बीटल घेऊन बसायचा. त्याने आयुष्यात पाच हजारांहून जास्त जातींना नावं दिली. त्याचा संग्रह पुढे शिकागोला गेला, डॉक्टरांचा लंडनला. आज भारतात रोव्ह बीटल ओळखायला बसणारा माणूस सगळ्यात आधी हेच पाच ग्रंथ उघडतो. दुसरं काही एकत्र मिळत नाही म्हणून.

आणि तिथेच अडतो. त्या काळची वर्णनं साधारण अशी असत: काळा, चकचकीत, पाय पिवळसर, डोकं उरोभागापेक्षा अरुंद, ठिपके विरळ, अमुक जातीसारखाच, पण जरा लहान आणि ठिपके जरा दाट. लांबी तीन मिलिमीटर. भिंगाखाली असे दहा किडे मांडा, वर्णन दहांनाही लागू पडेल. रोव्ह बीटलच्या जवळजवळच्या जातींमधला फरक बहुतेकदा बाहेरून दिसतच नाही. तो नराच्या जननांगात असतो. भुंगेऱ्यांच्या या अवयवाची तुलना करणारा मोठा निबंध १९१२ सालीच इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि त्याच्या दोन लेखकांपैकी एक स्वतः रोव्ह बीटलचा जाणकार होता. तरी १९३०च्या दशकातल्या खंडांमध्ये त्या अवयवाची चित्रं जवळजवळ नाहीत. हजारो किडे, एकटा माणूस, त्याला वेळ नव्हता असं म्हणून सोडून देता येईल. पण त्याचं व्याज पुढच्या तीन पिढ्या फेडत आहेत.

ते व्याज कसं फेडतात, हे टेबलाशी बसून पाहण्यासारखं आहे. वाळलेला किडा कोमट पाण्यात ठेवून मऊ करायचा. केसाएवढ्या बारीक टाचणीने पोटाचे शेवटचे खंड अलगद सोडवायचे. आतून अर्ध्या मिलिमीटरची तपकिरी कुपी बाहेर येते. तिच्यावरचं मांस पोटॅशच्या द्रावणात विरघळवायचं, आणि मग ती बाजूने, पोटाकडून, वरून अशी फिरवत चित्र काढायचं. बाकदार टोक, त्याच्या आतल्या बाजूला चार काळे दाते की सहा, यावर जातीचं नाव ठरतं. काम झालं की कुपी त्याच किड्याच्या टाचणीवर, छोट्या कार्डाच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवायची. शिंक आली तर ऐंशी वर्षांचा पुरावा गालिच्यावर. खोलीत पंखा लावत नाहीत तो उगाच नाही.

पण फाडायचा कुठला किडा? इथे ‘टाइप’ हा शब्द येतो, आणि घोळ सुरू होतो.

प्राण्यांना नावं देण्याची एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिचा नियम ऐकायला सोपा आहे: प्रत्येक जातीचं नाव एका नमुन्याला, म्हणजे टाइपला, बांधलेलं असतं. वर्णन चुकलं तरी चालेल, नमुना बोलतो. लेखकाने पहिल्या वर्णनातच तो एक नमुना ठरवला असेल तर तो होलोटाइप. न ठरवता पाच किड्यांवरून वर्णन केलं असेल तर पाचही सिंटाइप, आणि पाचांतला एक नंतर कुणी निवडला की तो लेक्टोटाइप. लंडनच्या संग्रहालयात यासाठी गोल चकत्या असतात: होलोटाइपला लाल कडेची, सिंटाइपला निळ्या, लेक्टोटाइपला जांभळ्या कडेची.

जुन्या वर्णनांच्या शेवटी बरेचदा फक्त एवढंच असतं, की टाइप लंडनच्या संग्रहालयात आहे. किती किड्यांवरून वर्णन केलं ते नसतं. समजा, त्या कप्प्यात एकाच टेकडीवरचे तीन किडे आहेत. एका मादीला लाल चकती, बाजूचे नर आणि मादी बिनचकतीचे. लाल चकती कुणी लावली? स्वतः लेखकाने, की नंतरच्या एखाद्या कारकुनाने? आणि लेखकानेच लावली असली तरी ती पुरते का? नियम म्हणतो, नाही. होलोटाइप मूळ छापील वर्णनातच ठरतो, टाचणीवरच्या चिठ्ठीने नाही. म्हणजे तिघेही सिंटाइप. आता नर फाडला आणि तो निघाला एका जातीचा, मादी दिसतेय दुसरीचीच, तर नाव कुणाचं? मादीला मान दिला तर नाव जवळजवळ निरुपयोगी, कारण मादीवरून जाती ओळखता येत नाही. नराला दिला तर लाल चकतीचा मान राहिला नाही.

हा पेच रोव्ह बीटलमध्ये शेकड्यांनी आहे. त्यावर उपाय म्हणून आपल्या प्रजातीचा आढावा घेताना सगळ्या जुन्या नावांचे लेक्टोटाइप ठरवून टाकायचे, अशी पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. दुसरा पक्ष म्हणत होता, गरज असेल तिथेच ठरवा. घाईने निवडलेला लेक्टोटाइप मागे घेता येत नाही. नियम करणाऱ्यांनी दुसऱ्या पक्षाचं ऐकलं. नियमावलीची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू झाली, आणि तिच्यात एक कलम आलं: यापुढे लेक्टोटाइप निवडताना त्यामागचा वर्गीकरणाचा हेतू स्पष्ट शब्दांत लिहिला पाहिजे. झालं असं की लोकांनी एक ठरावीक वाक्य तयार केलं, ‘नावाचं स्थैर्य राखण्यासाठी’ वगैरे, आणि ते प्रत्येक जातीखाली चिकटवत गेले. सत्यनारायणाच्या संकल्पासारखं. ज्यांनी चिकटवलं नाही, त्यांचं काम कितीही चोख असो, निवड बाद. २००३ साली कलम सैल करण्यात आलं. निवड जाणूनबुजून केली आहे एवढं कळलं तरी पुरे, असं ठरलं. मधल्या चार वर्षांतल्या कागदी कसरतीने एकही किडा जास्त नीट ओळखला गेला नाही, हे सांगायला तज्ज्ञ असायची गरज नाही.

त्याच आवृत्तीने एक मात्र चांगलं केलं. २००० पासून नव्या जातीचं वर्णन करणाऱ्याने टाइप नमुना कोणता ते स्पष्ट सांगायचं, आणि तो कुठे ठेवणार तेही लिहायचं. तीस सालच्या खंडांना हा नियम असता तर वरचे तीन परिच्छेद लिहावे लागले नसते.

कुठे ठेवणार, या प्रश्नाला भारतात लगेच कायद्याची बाजू आली. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार भारतात सापडलेल्या नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवायची आणि तिचा नमुना तिथे जमा करायचा. जुने टाइप परदेशात अडकलेत हे पाहता या तरतुदीमागची भावना समजते. अडचण देवाणघेवाणीची आहे. तुलनेसाठी किडे बाहेर पाठवायचे म्हटलं की परवानग्यांचा फेरा लागतो, आणि परदेशी संग्रहालयंही नमुने उसने द्यायला कचरतात, परत येतील का या धास्तीने. २०१८ साली दीडशेहून जास्त शास्त्रज्ञांनी याबद्दल एका नामांकित नियतकालिकात जाहीर तक्रार केली. पुढाकार घेणारा केरळातला भुंगेऱ्यांचाच अभ्यासक होता. दरम्यान टाइपचे फोटो जालावर टाकणं सुरू झालंय. उपयोग होतो, पण फोटोत पोटातलं दिसत नाही.

बाकीचे बदल मानाने सरळ. २०१२ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघालेलं वर्णनही ग्राह्य धरलं जातं, मात्र त्याची आधी नोंदणी हवी. डीएनएचा तुकडा जोडणं नेहमीचं होत चाललंय. जुन्या, वाळलेल्या टाइपमधून तो मिळेलच असं नाही, त्यामुळे कुपी आणि चित्र सुटलेलं नाही. नमुना गोळा झाल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असा सर्व प्रकारच्या सजीवांचा हिशोब २०१२ साली मांडला गेला होता.

रोव्ह बीटलमध्ये याचं टोकाचं उदाहरण एका प्रवाशाचं आहे. १८३२ साली बीगल जहाज अर्जेंटिनात बाहिया ब्लांकाला थांबलं असताना डार्विनने एक हिरवट झळाळीचा, करवतीसारख्या दातेरी मिशांचा रोव्ह बीटल पकडला. तो लंडनला पोचला आणि कप्प्यांमध्ये हरवला. पुढे एका अभ्यासकाने उसन्या मागवलेल्या बेवारस किड्यांच्या खोक्यात तो निघाला. जाती तर नवी होतीच, प्रजातीही नवी. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी, डार्विनच्या वाढदिवशी, डार्विनिलस सेडॅरिसी हे नाव छापून आलं. प्रजातीचं नाव डार्विनवरून, जातीचं एका अमेरिकन विनोदी लेखकावरून, ज्याची पुस्तकं वर्णन लिहिताना तो अभ्यासक ऐकत असे. होलोटाइप म्हणून डार्विननेच पकडलेला किडा ठरवला गेला, छापील वर्णनात, अगदी नियमाप्रमाणे. जोडीला दुसरा एकच नमुना होता, बर्लिनच्या संग्रहालयातला, रिओ क्वार्तोचा, १९३५ किंवा त्याआधीचा. तिसरा वर्णनात नाही. दोन्ही गावांमधली बरीचशी जमीन आता शेतीखाली आहे.